एमजीएच्या पोटात उसाचा रस

माझी सगळी नोकरी एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली. मळी, फर्मेंटर, वॉश, कॉलम, स्पिरिट. शेवटच्या वर्षांत उरलंसुरलं पाणी शोषून घेणारे मॉलिक्युलर सीव्ह बसले आणि ९९.५ टक्क्यांवरचं कोरडं इथेनॉल टँकर भरभरून तेल कंपन्यांच्या डेपोला जायला लागलं. टँकर वजनकाट्यावरून उतरून गेटबाहेर पडला की आमच्या दृष्टीनं विषय मिटला. आता घरी बसल्यावर तोच माल पेट्रोलात मिसळून सांगलीतल्या विश्रामबागच्या पंपावरून माझ्याच गाडीत शिरतो आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधली बुचं खराब करतो. आमची ही म्हणते, "आयुष्यभर बनवलंत, आता निस्तरा."

गाडी एमजीए १५००, सन १९५७. हल्ली एमजी म्हटलं की लोकांना हेक्टर आठवते, नाहीतर बॅटरीवरची गाडी. शेजारचा वालचंदला शिकणारा पोरगा हिला पहिल्यांदा बघून म्हणाला, "काका, चार्जिंग कुठून करता?" मूळ एमजी म्हणजे ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं बाळ, कारखाना जवळच ॲबिंगडनला. १९५५ ते १९६२ या काळात तिथं लाखावर एमजीए तयार झाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. दोनच माणसांची जागा, वर कापडी टप, आणि दारांना बाहेरून हँडल नाही. आत हात घालून दोरी ओढायची. कुलपाचा प्रश्नच येत नाही. माझी गाडी मिरजेतल्या एका डॉक्टरांच्या वाड्यामागं ताडपत्रीखाली पडून होती. इंजिन फिरत होतं, चासी शाबूत होती, सीटखालून जमीन दिसत होती. व्यवहार कसा जमला ते इथं नको, घरात अजून तो विषय निघतो.

पेट्रोलचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथं जातो. २०१८ च्या जैवइंधन धोरणात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० सालासाठी होतं, ते पुढं अलीकडं ओढलं, आणि आता पंपावर उभं राहिलं की ई-२०च मिळतं. उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं त्याला नावं ठेवू नयेत. मळीला किंमत आली, कारखान्याच्या हातात पैसा लवकर खेळायला लागला, हे मी आतून बघितलंय. ऑक्टेनही वाढतो, म्हणजे इंजिनाच्या जिवाला उलट बरंच. शिवाय पेट्रोलात अल्कोहोल घालायची युक्ती काही नवी नाही. ही गाडी बनली त्या काळात खुद्द इंग्लंडात क्लीव्हलँड डिस्कॉल नावाचं अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल पंपावर मिळायचं. मग तेव्हाच्या गाड्यांना काही झालं नाही आणि माझ्या गाडीला का होतं? माझं मत असं की तेव्हाच्या गाड्या रोज पळायच्या. माझी गाडी महिन्यातून दोन-चारदा निघते, पावसाळ्यात तेवढीही नाही. घात होतो तो उभं राहण्यात.

कसा, ते समजायला कार्ब्युरेटर उघडून बघावा लागतो. हिला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आहेत, एच-४ जातीचे, दीड इंची. एसयूइतका सरळ कार्ब्युरेटर दुसरा नाही. वर एक घुमट, घुमटात पिस्टन. इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढा पिस्टन वर उचलला जातो. पिस्टनच्या बुडाला एक निमुळती सुई, ती खाली जेटमध्ये उतरलेली. पिस्टन वर गेला की सुई वर, सुई वर गेली की पेट्रोलला वाट मोठी. पिस्टननं धडपडू नये म्हणून त्याच्या पोकळ दांड्यात थोडं तेल. झालं. स्लो जेट, मेन जेट, पॉवर जेट असली भानगड नाही.

हे जेट म्हणजे पितळेची नळी, आणि ती एका जागी ठोकलेली नसते. चोक ओढला की ती खाली सरकते. सरकणारी वस्तू आणि पेट्रोल एकत्र आलं की गळती ठरलेली, म्हणून नळीभोवती बुचाचे दोन छोटे वायसर असतात, एक वर एक खाली, मध्ये स्प्रिंग, जेणेकरून दोन्ही आपापल्या जागी दाबून राहतील. पेट्रोल येतं ते या दोन बुचांच्या मधल्या जागेत. बूच ओलं असेपर्यंत फुगून गच्च बसतं. गाडी तीन आठवडे उभी राहिली, फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उडून गेलं, की बूच वाळून आक्रसतं. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं चार वेळा झालं की त्याचा भुगा व्हायला लागतो. मग किल्ली फिरवायची, मागं पेट्रोलचा पंप टकटक करून थांबायच्या ऐवजी टकटकतच राहतो, आणि जेटच्या बुडाला थेंब दिसतो.

हा थेंब हसण्यावारी न्यायचा नसतो. या इंजिनात हवा आत घ्यायची बाजू आणि धूर बाहेर टाकायची बाजू एकच आहे. दोन्ही कार्ब्युरेटरच्या खालीच एक्झॉस्टचा तापलेला मॅनिफोल्ड, म्हणजे धुराची नळी. थेंब पडला कुठं, तर तिथं. डिस्टिलरीत माणूस काडीपेटी गेटवर जमा करून आत यायचा, ते अंगात मुरलंय. त्यामुळे सीटमागं अग्निशामक आहेच, आणि पंप थांबल्याशिवाय स्टार्टरची दोरी ओढायची नाही हा माझा नियम आहे. पंप स्वतःच सांगतो. एसयूचा पंप विजेवरचा, चेंबर भरेपर्यंत भराभर वाजतो, मग सावकाश, मग गप्प. गप्प झाला म्हणजे पुढं सगळं बंद आणि घट्ट आहे. न थांबता वाजत राहिला तर एकतर कुठं गळतंय, नाहीतर फ्लोटची सुई (चेंबर भरला की पेट्रोलची वाट बंद करणारी) बसत नाही, नाहीतर टाकीकडून हवा ओढतोय.

पहिल्यांदा मी बुचंच बदलली, रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून. छान बसली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. मग डोक्यात आलं, आपण स्पिरिटच्या पंपांना काय वापरत होतो? व्हायटन, अल्कोहोलला दाद न देणारं रबर. साधं नायट्राइल रबर असल्या कामाला टिकायचं नाही म्हणून आमच्याकडं ओ-रिंगा व्हायटनच्याच असायच्या. कुपवाड एमआयडीसीत सील विकणाऱ्या दुकानात जेटची नळी घेऊनच गेलो, मापाच्या ओ-रिंगा निवडल्या, आणि बुचांच्या जागी त्याच बसवल्या. जेट थोडं जड सरकतं, चोक जरा जोर लावून ओढावा लागतो. गळत नाही. पेट्रोलचे रबरी पाइपही त्याच वेळी काढून टाकले. नवा घेताना पाइपवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं बघून घ्यावं. नुसतं "पेट्रोल पाइप द्या" म्हटलं तर दुकानदार देतो तो वर्षभरात आतून सोलवटतो आणि त्याचे काळे कण फ्लोटच्या सुईत जाऊन बसतात.

आता जेट मधोमध आणायचं काम. मला या गाडीतलं सगळ्यात आवडणारं काम हे. जेट परत बसवताना ते सुईच्या अगदी मध्यावर यायला पाहिजे, नाहीतर सुई एका अंगाला घासते आणि पिस्टन अडखळतो. त्यासाठी खालच्या नटाची स्प्रिंग काढून नट पूर्ण वर फिरवायचा, जेट वरपर्यंत ढकलायचं, मोठा लॉकनट सैल सोडायचा, आणि वरून पिस्टन हलक्या हातानं दाबून धरायचा. सुई स्वतःच जेटला आपल्या जागेवर आणते. तसंच धरून लॉकनट आवळायचा. मग पिस्टन उचलून सोडायचा आणि कान द्यायचा. "टक" असा मऊ, स्वच्छ आवाज आला पाहिजे. आता जेट खाली ओढून पुन्हा पिस्टन सोडायचा. दोन्ही आवाज सारखे आले तर जमलं. खालच्या वेळचा आवाज जास्त टणक वाटला तर मध्य चुकला, पुन्हा नट सैल. दुपारी हे काम होत नाही, रस्त्यावर वडाप आणि डंपर यांचा गोंगाट असतो. मी पहाटे करतो. ही खिडकीतून बघते आणि म्हणते, "अहो, देवपूजा गॅरेजातच करता का?" घुमट आणि पिस्टन ही कारखान्यातूनच जोडीनं जुळवलेली असतात, तेव्हा पुढच्याचा घुमट मागच्यावर गेला असं होऊ द्यायचं नाही. मी पुढच्या जोडीवर ऑइलपेंटचा ठिपका देऊन ठेवलाय.

मिश्रणाचंही ई-२० मुळं गणित बदलतं. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, निव्वळ इथेनॉलला ९ च्या आसपास, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० थोडं जास्त सोडावं लागतं. नव्या गाडीत सेन्सर ते बघून घेतो. इथं सेन्सर म्हणजे मी. जेटखालचा सहा कोनांचा नट खाली फिरवला की जेट उतरतं आणि मिश्रण जाड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल वाढतं. मी दोन्हीकडं एकेक कोन करत गेलो. प्रत्येक वेळी पिस्टन एक-बत्तीसांश इंच उचलून बघायचं. इंजिन उचल खाऊन तसंच वेगात राहिलं तर मिश्रण जाड, बसकण मारली तर पातळ, किंचित उचल खाऊन परत जागेवर आलं तर बरोबर. त्याआधी दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, ते रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं हवेच्या तोंडाशी धरून ऐकायचं. मीटर मिळतो, माझ्याकडं नाही. मग मिरज रस्त्यावर एक फेरी, परत येऊन प्लग काढायचे. बिस्किटी रंग आला की समाधान.

पाण्याचं मात्र कुणी ऐकत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं इथेनॉल टाकीत उघडं ठेवलं तर काय होतं हे आम्हाला प्रयोगशाळेतला पोऱ्यासुद्धा सांगायचा. सांगलीचा जुलै-ऑगस्ट म्हणजे भिंतीलाही ओल सुटते. अर्धी टाकी महिनाभर ठेवली की वरच्या हवेतला दमटपणा पेट्रोलात, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी एक होऊन तळाला वेगळं बसतं. पोलादी टाकीचा तळ मग आतून गंजतो. म्हणून पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरायची किंवा पूर्ण रिकामी करायची. अधलंमधलं नको.

सीटखालून दिसणारी जमीन झाकायचं काम सगळ्यात सोपं निघालं. एमजीएची तळफळी मुळात लाकडाचीच असते, प्लायवूडची. चासी पोलादाची, दारं-बॉनेट-डिकी ॲल्युमिनियमची, आणि पायाखाली फळी. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी जुनी कुजलेली फळी उचलून पाहिली. "सायेब, ही मोटार हाय का छकडा?" मग बारा एमएमच्या वॉटरप्रूफ प्लायवर जुन्या फळीची वेडीवाकडी कड पेन्सिलीनं उतरवून एका संध्याकाळी दोन्ही बाजू कापून दिल्या, भोकांसकट.

त्यांनीच मला एक गोष्ट लक्षात आणून दिली. कडांना पॉलिश द्यायला त्यांनी चपडा स्पिरिटात घातला होता. मी शेजारी बसून पेट्रोलच्या पंपाची जुनी पॅकिंग खरवडत होतो. पंपाच्या जोडाला पूर्वीच्या कुणीतरी तपकिरी लेप लावला होता, आणि तो चिकट होऊन सुटत होता. मिस्त्रींनी बोटानं चोळून वास घेतला. "ह्यो तर चपडाच की. तुमच्या पेट्रोलात स्पिरिट हाय म्हणता, मग ऱ्हाईल कसा?" खरंच आहे. जुन्या काळात जोड बसवायला लाखेचा लेप सर्रास वापरत, कारण पेट्रोल लाखेला काही करत नाही. अल्कोहोल करतं. चाळीस वर्षं अल्कोहोल हाताळलेल्या माणसाला हे सुताराकडून कळावं! त्या दिवसापासून इंधनाच्या वाटेवरचा प्रत्येक जुना जोड उघडून लेप साफ केला. टाकीत पेट्रोलचा काटा हलवणारं जे युनिट असतं त्याची बुचाची पॅकिंगही तेव्हाच गेली.

लोकांना वाटतं असली गाडी म्हणजे प्रत्येक वस्तू विलायतेहून. काच, दिव्याची रिंग, टपाचे हुक हे खरंच तिकडून मागवावं लागतं, आणि कस्टमची पावती लपवून ठेवावी लागते. पण इंजिन आपल्या ओळखीचं आहे. १४८९ सीसीचं हे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन, आणि १९५९ पासून आपल्या अँबॅसेडरला बसलं तेही त्याच घराण्यातलं, त्याच सीसीचं. एमजीएला दोन कार्ब्युरेटर आणि ताकद जास्त, अँबॅसेडर आपली एका कार्ब्युरेटरवर मंत्र्यांना वाहून न्यायची. चुलत भावंडं म्हणा. सगळंच अदलाबदल होत नाही, म्हणून मी जुनी वस्तू आणि व्हर्नियर खिशात घेऊनच जातो.

गावभागात एक जुने स्पेअरवाले आहेत. २०१९ च्या पुरात, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा, त्यांचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं होतं. अँबॅसेडरचा उरलेला माल त्यांनी गाळासकट खोक्यांत भरून मागच्या खोलीत टाकलाय. पुठ्ठा हातात घेतला की पापुद्रे निघतात, आत वाळलेली मळईची पिवळी माती. पण तेलकट कागदात गुंडाळलेल्या वस्तू जशाच्या तशा. एका पुडीतून टायमिंगची साखळी निघाली, माप घेतलं तर तंतोतंत जुळली. त्यांनी भाव सांगताना आधी मोबाईलवर पुराचा फोटो दाखवला. घासाघीस कशी करणार?

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सेट करायची पद्धतही अँबॅसेडर चालवलेल्या जुन्या मिस्त्रींना पाठ असते, नवाची बेरीज. आठ व्हॉल्व्ह आहेत. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिल्याचं अंतर बघायचं, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याचं, सहावा तर तिसऱ्याचं. बेरीज नऊ आली पाहिजे. माझ्या गाडीच्या पुस्तकात गरम इंजिनाला ०.०१७ इंच दिलंय. फिलर गेज जाताना थोडी ओढ लागली पाहिजे, अडकता कामा नये. गरम इंजिनावर हात भाजतो, तेव्हा बनियन नको, बाह्यांचा शर्ट घालावा. ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच.

पान्यांचं एक सांगायलाच हवं. गाडी इंची मापाची. आपल्या गॅरेजात १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर चढतो, कारण अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम. चढतो, आणि जोर दिला की नटाचे कोन गोल करून उतरतो. नऊ-सोळांश म्हणजे १४.३, तिथं १४ चा जात नाही आणि १५ चा नाचतो. माझा भाचा एकदा मदतीला आला होता. "मामा, मी आहे की, द्या इकडं," म्हणून चक्क चिमटा पाना घेऊन बसला. त्याला चहा करायला पाठवलं. जुन्या ट्रॅक्टरची कामं करणाऱ्यांकडं इंची पान्यांचे संच अजून असतात, आणि ते विकायला तयारही असतात, कारण त्यांना ते आता लागत नाहीत. एसयूच्या छोट्या नटांचं माप आणखी निराळं, बीए, त्याचे पाने मात्र मला मागवावे लागले.

विजेचं आज लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे हल्लीच्या गाड्यांच्या उलट, बॅटरीचं अधिक टोक चासीला, आणि सीटमागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची सोय. बॅटरीवाल्याच्या पोराला मी गाडीजवळ येऊच देत नाही. बॅटरी फाटकाशी घेतो आणि वायरी स्वतः जोडतो.

सध्या गाडी चालू आहे, हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन आली, पंप वेळेवर गप्प होतो. एक त्रास उरलाय. एप्रिलच्या उन्हात दुपारी गाडी पाच मिनिटं बंद करून पुन्हा चालू केली तर ती पुढची दोन मिनिटं खोकते. मॅनिफोल्डच्या धगीनं फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. मधला पत्र्याचा आडोसा आहे, त्याला कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांना गुंडाळतात तसली सिरॅमिक ब्लँकेट लावून बघायची आहे. मापाचा पत्रा कापून झालाय, रिव्हेट मारायचे आहेत. आणि सांगली, मिरज, तासगाव, कुठंही, कुणाच्या गोठ्यात जुन्या पेट्रोल अँबॅसेडरचा डिस्ट्रिब्युटर पडून असेल तर खाली लिहा. गंजलेला चालेल, आतली तबकडी तेवढी फिरती पाहिजे. पुराचा फोटो दाखवला तरी घेईन.